शेऱ्याचा रकाना

नगरपालिकेच्या हेडक्लार्कसाहेबांना आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता: त्यांच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. तीस वर्षांत त्यांनी ऑफिसचं पेनसुद्धा घरी नेलं नाही. अशा माणसांचं कौतुक गावभर होतं आणि त्याची शिक्षा घरचे भोगतात.

घरचे म्हणजे एकुलती एक लेक. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होती. सकाळी टाक्यांवरून नमुने आणायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, दुपारपर्यंत अहवाल द्यायचा. त्याच जागेची कायम भरती निघाली तेव्हा तिने परीक्षा दिली आणि पहिली आली. आता नेमणुकीच्या कागदावर अध्यक्षांची सही तेवढी बाकी होती. दुसऱ्या शहरातून चालून आलेली चांगली नोकरी तिने या सहीच्या भरवशावर सोडली. "बाबांना घरात चहाचा डबा सापडत नाही, त्यांना एकटं कसं टाकू?" असं ती मैत्रिणींना हसत सांगायची.

मग अंदाजपत्रकाची सभा लागली. अध्यक्षांनी सगळ्या विभागांकडून रिक्त पदांची यादी मागवली. तिच्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. मुरलेल्या विभागप्रमुखांना लगेच पदकपातीचा वास लागला. जिथे निवड झाली होती तिथे, आणि जिथे नुसती जाहिरात निघाली होती तिथेही, त्यांनी बिनधास्त लिहून टाकलं, 'भरती सुरू'.

पाणीपुरवठ्याची यादी हेडक्लार्कसाहेब करत होते. लेकीच्या जागेपाशी त्यांचं पेन थांबलं. 'भरती सुरू' हे तिथे शंभर टक्के खरं होतं. पण उद्या कुणी म्हणालं, बापाने मुलीची सोय लावली, तर? त्यांनी रकाना कोरा सोडला. वर त्यांना बरंही वाटलं, काय म्हणावं या माणसाला!

सभेच्या दिवशी लेक प्रेक्षकांच्या बाकावर येऊन बसली. विरोधी बाकावरच्या शिक्षिकाबाई तावातावाने बोलत होत्या. "एवढ्या जागा रिकाम्या आणि आपली पोरं गाव सोडून चाललीत! बाहेरच्या गोदामांवर कर लावा आणि जागा भरा."

गोदामवाले सभासद उठले. "कर लावा म्हणायला काय जातंय? उद्या गोदामं दुसरीकडे गेली म्हणजे? मग घरपट्टी वाढवायची? आणि मतं मागायला बाई जाणार दारोदार?" हशा पिकला. "मला एक सांगा, जागा तीन-तीन वर्षं रिकाम्या आहेत, तरी नळाला पाणी येतंय ना? मग त्या हव्यात कशाला?"

"रोजंदारीवरची पोरं राबतात म्हणून येतंय!" बाई ओरडल्या. पण बाकं वाजत होती, त्यात त्यांचा आवाज बुडाला.

अध्यक्षांनी तोडगा सांगितला. करवाढ नाही. 'भरती सुरू' असा शेरा असलेली पदं ठेवायची, बाकीची रद्द, आणि रद्द जागांवरची रोजंदारीही बंद. हात भराभर वर गेले. रद्द पदं वाचून दाखवायचं काम अर्थातच हेडक्लार्कसाहेबांचं.

ते वाचत वाचत पाणीपुरवठ्यापर्यंत आले. अजूनही म्हणता आलं असतं, अध्यक्षमहाशय, इथे निवड झालेली आहे, शेरा माझ्याकडून राहिला. शब्द ओठांवर आले होते. समोर सगळं सभागृह बघत होतं.

"पाणी तपासनीस, एक पद," त्यांनी वाचलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

सभा संपल्यावर लेक जिन्यापाशी उभी होती. रडून झालेलं दिसत होतं.

"बाबा, बाकीच्या विभागांनी आपापली माणसं वाचवली. माझ्याच जागेपुढे शेरा कसा नाही? टायपिंगमध्ये राहिला का?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"मीच लिहिला नाही," ते म्हणाले. "तू माझी मुलगी. लोकांनी नावं ठेवली असती, बाळा."

खालून गोदामवाल्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला, कुणीतरी मोठ्याने हसलं.

"त्या जागेवर दुसऱ्या कुणाची मुलगी असती," तिने हळूच विचारलं, "तर लिहिलं असतंत?"

हेडक्लार्कसाहेबांनी कठडा धरला. या क्षणी खोटं बोलता आलं असतं तर त्यांनी उरलेली सगळी नोकरी दिली असती.

"लगेच लिहिलं असतं," ते म्हणाले.