वळणावरचा सायरन

डॉक्टरांनी लहान मुलांच्या नळ्या ट्रेमध्ये ओळीने मांडल्या, उचलल्या आणि पुन्हा तशाच मांडल्या.

"राहू द्या हो, त्या काही पळून जात नाहीत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत.

सहा वर्षांची मुलगी, घसा सुजलेला, श्वास अडकतोय, एवढंच फोनवर कळलं होतं. गेल्या मंगळवारी असाच एक मुलगा आला होता. तीनदा प्रयत्न करूनही डॉक्टरांना त्याच्या घशात नळी घालता आली नव्हती आणि तो गेला होता. चौकशीत त्यांची चूक निघाली नाही, पण त्याने हातांना काही धीर आला नाही. आज पुन्हा तेच झालं तर हे काम कायमचं सोडायचं, असं त्यांनी सकाळीच ठरवून टाकलं होतं.

लांबून ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला. डॉक्टर हातमोजे घालून दारात जाऊन उभे राहिले, सिस्टर त्यांच्या मागे. आवाज पुलावरून उतरला, वळणावर आला आणि मध्येच तुटला.

वाटेत सायरन बंद झाला म्हणजे आता घाई उरली नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नसे. सिस्टरांनी डोळे मिटले. डॉक्टरांचे खांदे सैल पडले. भरधाव येणाऱ्या गाडीकडे बघतच त्यांनी हातमोजे काढून टाकले.

"सुटलो," ते म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांना स्वतःचीच किळस आली. सिस्टरांनी ऐकलं होतं.

गाडीचं दार उघडलं. आत आई बसली होती. तिच्या मांडीवर मुलगी, पुढे वाकलेली, तोंड उघडं. प्रत्येक श्वासाला तिच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"सायरनला घाबरून रडत होती," ड्रायव्हर दबक्या आवाजात म्हणाला. "रडली की घसा आणखी आवळतो. म्हणून बंद केला."

"नळी लागणार," सिस्टर म्हणाल्या आणि डॉक्टरांकडे न बघता त्यांनी नवे हातमोजे पुढे केले.

ते घ्यायला निघालेला डॉक्टरांचा हात आईने धरला.

"काचेतून तुम्ही दिसलात," ती कुजबुजली. "किती निवांत उभे होतात! तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. हिला काही होणार नाही, हो ना?"

असा शब्द कधी द्यायचा नसतो, हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं.

"हो," ते म्हणाले, आणि त्यांनी हातमोजे चढवले.