पानठेल्यावरची वस्ती

प्रेमिलाबाईंनी धोंडबाच्या पानठेल्यासमोर तीन विटा मांडल्या, त्यांत काटक्या कोंबल्या आणि चूल पेटवली.

"वयनी, घरी गॅस असून अठी काहून धूर करून राहिल्या?" सुपारी कातरता कातरता धोंडबाने विचारलं.

"घरीच हावो मी, भाऊजी. तुमीच माया अंगणात दुकान लावून बसले."

नकाशाप्रमाणे ते खरंच होतं. मनीषनगरच्या पलीकडच्या, प्लॉट पाडून वसवलेल्या या लेआउटात उन्हाळ्यात नळयोजनेसाठी मोजणी झाली. प्रत्येक घराने आपल्या दारात उभं राहून मोबाइलवर बटण दाबायचं, की नकाशात घराची खूण उमटणार. दारात रेंज नव्हती. रेंज फक्त पानठेल्यावर. तेव्हा सगळी गल्ली शिस्तीत पानठेल्यावर आली आणि एकेकाने बटण दाबलं. गल्लीच्या इतिहासात भांडणाशिवाय पार पडलेलं ते पहिलंच सरकारी काम. परिणामी सगळी घरं नकाशात पानठेल्यावर एकावर एक रचली गेली आणि गल्लीच्या जागी मोकळं रान उरलं. रानाला नळ कोण देणार?

खूण सरकवून द्या, म्हणून प्रेमिलाबाईंनी मदत क्रमांकावर तक्रार केली. अभिप्रायाबद्दल आभार आले. दुसऱ्यांदा केली, तेव्हा सेवा कशी वाटली ते विचारून पाच तारे मागितले. कचेरीतल्या साहेबांनी तर कॉम्प्युटरच त्यांच्याकडे वळवला. "पाहा बाई, इथे कुणीच राहत नाही." आज जागेची पाहणी होती. वस्ती दिसली नाही तर पाइपलाइन दुसऱ्या लेआउटला जाणार होती.

इंजिनिअर करिष्मा लांजेवार मोबाइलकडे पाहत स्कूटीवरून आली, बरोबर पानठेल्याशी थांबली आणि मग तिने मान वर केली. खाटा-बाजा, ट्रंका, पाळणा, वायर लोंबणारा कूलर, खुंटीला शेळी. प्रेमिलाबाईंचे यजमान मनोहरराव नुसत्या बनियनवर दाढी करत बसले होते.

"हे काय आहे?"

"घरं हायेत आमचे," प्रेमिलाबाई भाकर थापत म्हणाल्या. "चप्पल भाईर काढा, मॅडम. सयपाकघरात उभ्या हा तुमी."

करिष्माने नकळत चप्पल काढली.

"काकू, खूण चुकलीय हे मलाही दिसतंय. पण ती हलवायचा अधिकार मला नाही. मी खुणेवर उभं राहून एवढंच भरायचं, की या जागी कुणी राहतं का."

"मंग भरा. राह्यते का नाही?"

करिष्माने मोबाइल चुलीवर रोखला. मग तिने फोटो काढला आणि 'होय' दाबलं.

"पुढचं घर?"

पुढचं घर पदर सावरून बाजेवर येऊन बसलं. त्याच्या पुढचं शेळीसकट आलं. धोंडबाचं गिऱ्हाईक बसायला जाऊ लागलं, त्याला बाकीच्यांनी हटकलं. खोटं काम गल्लीला खपत नव्हतं.

शेवटच्या घरानंतर मोबाइलने जरा विचार केला आणि लाल अक्षरं उमटली : 'अतिदाट वस्ती. पाणीपुरवठ्यास प्रथम प्राधान्य.'

करिष्माने ते दोनदा वाचलं. "लाइन आता येईल," ती हळूच म्हणाली. "पण इथपर्यंतच."

"अठवर येऊ द्या. पुढचं आमी पाहू."

मनोहररावांनी बाज उचलली.

"ठेवा खाली," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"झालं ना वं काम?"

"नळ लागला का?"

बाज खाली आली. मोबाइल पर्समध्ये टाकून करिष्माने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.

"सध्या पाणी कुठून आणता?"

प्रेमिलाबाईंनी तव्यावरची भाकर उतरवली, हात पदराला पुसले आणि पाणी भरायचा रिकामा गुंड तिच्या हातात दिला.

"लांब आहे?"

"नकाशात पाह्यलं तं काईच नाही," त्या म्हणाल्या. "चाला, पायाले कळन."