शनिवारचं पाणी

“पाणी नगं, ताई. शनिवार हाय.”

सुकन्यानं तांब्या बाजूला सारला आणि विळ्यानं कांद्याची पात कापू लागली. तिला पाचवा महिना होता. दुपारचा एक वाजून गेला होता आणि तिच्या कपाळावर घाम नव्हता. मी गावची आशाताई. ऊन लागलेल्या माणसाचा घाम आटतो, हे आम्हाला शिकवलेलं आहे.

तिच्या सासूचा, राहीबाईचाही आटला होता. तीन शनिवारांमागं, याच वावरात. तिचा भरलेला तांब्या बांधावर तसाच फडक्याखाली राहिला.

सत्तावीस वर्षं मी शनिवारी सूर्य मावळेपर्यंत पाणी घेत नाही. सुकन्याला दोनदा दिवस राहून पोट पडलं, तेव्हा मीच सासूसुनेला म्हटलं होतं, “माझ्यासारखा शनिवार धरा. देव ऐकतो.” देवानं ऐकलं. पण मी माझा शनिवार घरात पंख्याखाली पाळत होते आणि त्या दोघी वावरात. एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

आमच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. शनिदेवाची राखण आहे, भीती कसली ती ठाऊक नव्हती. या उन्हाळ्यात सकाळी नऊलाच ऊन सरळ आत येऊन बसतं आणि मला वाटतं, एक दार असतं तर लावून घेतलं असतं.

“सुकन्या, पोटातल्या जिवासाठी तरी घे.”

“त्याच्यासाठीच धरलाय की! मोडला अन् काय झालं मंजी?”

“घटकाभर सावलीला तरी चला सगळ्या.”

पलीकडच्या ओळीतून पंकजा हसली. “उक्तं घेतलंय, ताई, सगळ्या वावराचं मिळून ठरलेलं पैसं. एक बसली की तिची सरी बाकीच्यांच्या उरावर. तुमचं बरंय, तुमी वजनकाटा घिऊन हिंडायचं.”

तेवढ्यात गाडी बांधाला लागली. वावराचे मालक आबासाहेब. काच अर्धी खाली झाली आणि गार हवेचा एक झोत माझ्या हातावर आला.

“काय ताई, आज इकडं?”

“बारा ते चार काम थांबवा, आबासाहेब.”

“मी कुठं धरून ठेवलंय कुनाला? उक्तं हाय. बसा म्हणावं सावलीला, झोपा म्हणावं. चारला टेम्पो येतोय तेवढं बघा.”

“राहीबाई गेली.”

“साडेसाती हुती म्हातारीला. देवानं न्येलं. अन् ऊन काय मी तापवलंय? सगळं जगच तापलंय. तुमीच तर लिवलंय मयताच्या वहीत, वय झालं हुतं म्हून.”

लिहिलं होतं. आबासाहेबांनी सांगितलं म्हणून, आणि ऊन लिहिलं असतं तर उपासही लिहावा लागला असता, म्हणूनही.

“देवावर घालू नका,” मी म्हणाले. आवाज माझा नेहमीच हळू. “जग सगळ्यांचं तापलंय, पण वावरात ह्याच हायेत. ह्यात देवाचं काय न्हाई. तुमचं हाय अन् माझं हाय. वही मी आज दुरुस्त करनार.”

काच वर गेली. गाडी धूळ उडवत निघून गेली.

मी तांब्या उचलला. शनिदेवाच्या चौथऱ्याच्या दिशेला वळून हात जोडले. सत्तावीस वर्षांत जे केलं नव्हतं ते भर दुपारी, सगळ्यांच्या देखत केलं. पाणी कोमट होतं. ते मी प्याले आणि तांब्या सुकन्यापुढं धरला.

विळे थांबले.

“ताई! आवं, काय केलंत हे?” सुकन्याचे डोळे भरून आले.

“मी मोडला. दोष लागायचा तर मला लागू दे. तू पी.”

मग तिनं पदर सावरला, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि डोळे मिटून प्याली. पंकजानं मागूनच ओंजळ पुढं केली.

मग तिघीचौघी पुन्हा खाली वाकल्या. सावलीला कुणीच गेलं नाही.

मी तिथंच उभी राहिले. माझी सावली पायाशी गोळा झाली होती, हातभरसुद्धा नव्हती. सुकन्याच्या मानेवर तेवढी तरी पडावी म्हणून मी अंगाशी सरकले. ती सरीत पुढं गेली, तशी मीही गेले.