गिटारवाल्याचे कान

कानाचं मशीन बसवून देणाऱ्या ताईंनी सोळाव्या वर्षी चौघांच्या एका रॉक बँडचं गाणं ऐकलं आणि त्या कायमच्या कामातून गेल्या. लग्न ठरताना त्यांनी एकच अट घातली होती: बँड गावात आला की मी जाणार. नवरा बिचारा पस्तीस वर्षं मुकाट्याने सोबत जात होता. अलीकडे मात्र कुरकुरायचा. गेल्या तीन अल्बमांत गिटार कानात सुई टोचल्यासारखी वाजते, असं त्याचं म्हणणं. ताई त्याच्यावर तुटून पडायच्या. तुम्हाला संगीतातलं काय कळतं, इथपर्यंत मजल जायची.

एका मंगळवारी दवाखान्यात टोपी डोळ्यांवर ओढलेले एक गृहस्थ आले. टोपी निघाली आणि ताईंच्या हातातलं पेन गळून पडलं. समोर बँडचा गिटारवाला बसला होता.

पण पेशंट तो पेशंट. ताईंनी त्याला काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. जाड आवाजांना बटण चटचट दाबलं गेलं. बारीक, उंच आवाज सुरू झाले, तेव्हा तो नुसताच ताईंकडे बघून हसत राहिला.

ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उंच सूर त्याला ऐकूच येत नव्हते, म्हणून गिटारमधले तेच सूर तो वाढवत सुटला होता.

मशीन बसवल्यावर त्याने फोनवर स्वतःचा ताजा अल्बम लावला. अर्ध्या मिनिटात बंद केला.

"हे असं वाजतं?"

"सहा वर्षं झाली," ताई म्हणाल्या.

"मग कोणीच कसं बोललं नाही?"

"आमच्या घरात एक जण बोलत होते. मीच बोलू दिलं नाही."

तो पोट धरून हसला. जाताना, हे आपल्यातच राहू द्या, म्हणाला. पेशंटची गोष्ट दवाखान्याबाहेर जात नसते, असं ताईंनी त्याला सांगितलं.

पुढच्या महिन्यातल्या कार्यक्रमात गिटार इतकी गोड वाजली की ताईंचे डोळे भरून आले. नवरा कानाशी वाकून म्हणाला, "कोणीतरी कान उपटलेले दिसतात. मी केव्हाचा सांगत होतो."

सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. ताईंनी ते गिळलं.

"तुमचंच बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

हे वाक्य संसारात पहिल्यांदाच कानी पडलेला नवरा शेवटच्या गाण्याला चक्क उठून नाचला.