चिरेतली शेंग

मित्रांनो, मी एक जुना पोळपाट आहे. बाभळीचा, तीन पायांचा, मधोमध चीर पडलेला. आपली कहाणी सांगताना जो तो आधी आपले गुण सांगतो. मी आधी माझा गुन्हा सांगतो. दोन वर्षं मी एका लहान मुलीवर डूख धरून बसलो होतो, आणि एका संक्रांतीला मी तो सूड उगवला.

माझा जन्म मंद्रूपचा. बांधावरची बाभूळ वाऱ्यानं पडली. कल्लप्पा सुतारानं तिच्या बुंध्याची चकती काढली, तासून तासून तळहातासारखी मऊ केली आणि गोजाबाईच्या हवाली केली. गोजाबाई तेव्हा तरणी होती. तिची भावजय बाळंतपणात गेली होती आणि तान्हा भाचा, अवधूत, तिच्या पदरात आला होता. त्या पोरापायी तिनं स्वतःचा संसार मांडलाच नाही.

त्या घरात रोज ज्वारीची भाकरी. भाकरीचं पीठ मळणारी काठवट चुलीपुढं दिवसातनं दोनदा राबायची. मी मात्र खुंटीवरून उतरायचो तो सणालाच. मग मिजास कुणाची असणार, सांगा! पाहुणा आला की गोजाबाई म्हणायची, "भाकरी काय रोजचीच हाय, पोळपाट काढा." नागपंचमीला लाटायचं नसतं, तेव्हा तेवढी मला सुट्टी. एरवी प्रत्येक सण माझ्या पाठीवरून गेला. लाटताना गोजाबाई गायची,

*पयली माझी पोळी, देवाजीच्या पाटाला*
*दुसरी माझी पोळी, भाचा उभा वाटंला*

माझी चीर त्या भाच्यामुळंच पडली. पाच वर्षांचा अवधूत मला पालथा घालून माझ्यावर चढला. फळीवरच्या बरणीतली शेंगाची चटणी त्याला हवी होती. तो पडला, मी तडकलो. गोजाबाईनं त्याला एक धपाटा घातला आणि मला तेल पाजलं. चीर राहिली ती राहिली. पुढच्या प्रत्येक संक्रांतीला शेंगापोळी लाटताना गव्हाचं पीठ, गूळ, शेंगाचा कूट त्या चिरेत उतरायचा. वरून कितीही घासा. चिरेत गेलेलं मी कधी परत दिलं नाही. म्हातारीनं कनवटीला सुपारी जपावी तसं मी ते जपलं.

अवधूतला सोलापुरात बँकेत नोकरी लागली. लग्न झालं. गोजाबाईनं मला हळदीकुंकू लावून नव्या सुनेच्या, इंद्रायणीच्या ओटीत ठेवलं. "ह्याच्यावर वाढवलंय मी त्याला. जप." शहरात गहू रोजचाच. मीही रोजचा झालो. सकाळी डबा, संध्याकाळी फुलके. मित्रांनो, ते माझे राज्याचे दिवस होते.

मग संस्कृती जन्मली. ती पोळी खायला लागली आणि वाळत गेली. हातापायाच्या काड्या, पोट मात्र नगाऱ्यासारखं. खाल्लं की जुलाब. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं जंत झाले. त्यात एकदा शेजारणीनं दिलेला शेंगाचा लाडू चाखला आणि तिचं तोंड सुजलं, श्वास कोंडला. चौथ्या वर्षी डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, गव्हाचा कणसुद्धा हिच्या आतड्याला जाळतो, आणि तो जन्मभर वर्ज्य. शिवाय भुईमुगाच्या शेंगांची अ‍ॅलर्जी आहे, ती कधीही जिवावर बेतेल.

सोलापूरचं घर, आणि शेंग वर्ज्य! आमटीत कूट, वांग्यात कूट, कोशिंबिरीत कूट. इंद्रायणीनं तीन दिवस स्वयंपाकघर घासलं. तवा, लाटणं, चाळण, डबे सगळं घराबाहेर गेलं. गिरणीत गव्हावर गहू दळलेला असतो म्हणून तिनं घरघंटी आणली. एका डबीत इंजेक्शन भरून ठेवलं आणि ते मांडीत कसं टोचायचं ते डॉक्टरांसमोर दहा वेळा गिरवलं. मला तिनं हातात घेतलं, उलटंपालटं केलं. आत्याबाईंची वस्तू, टाकायची कशी? मला पोत्यात गुंडाळून माळ्यावर सारलं.

आणि जाता जाता माझ्या कानावर काय पडलं? मंद्रूपहून नवी काठवट आली म्हणे. ज्वारीसाठी.

माळ्यावर मी काय केलं असेल? डूख धरला. धूळ बसत होती आणि मी म्हणत होतो, एक वीतभर पोरगी, तिच्यापायी मी पोत्यात! सूड घ्यायचा तर लाकडानं लाकडासारखा घ्यावा. बोलू नये, हलू नये, वाट बघावी. माझ्या चिरेत तीस संक्रांती भरलेल्या होत्या. मला तेवढ्या पुरेशा होत्या.

खाली गोजाबाई यायची आणि भांडण जुंपायचं.

"आमी काय गहू खाऊन मेलो व्हय?" ती म्हणायची. "सणाला पोरीच्या ताटात भाकरी वाढतीस. पोळी न्हाय त्यो सण का सुतक?"

"आत्या, डॉक्टरांचा कागद दाखवू का पुन्हा?"

"कागद खाऊन पोट भरतंय का तिचं?"

"तुमच्या पोळीपेक्षा बरं भरेल," इंद्रायणी म्हणायची, आणि अवधूत वर्तमानपत्र आणखी उंच धरायचा.

वर पोत्यात मी गोजाबाईच्या बाजूनं होतो. पण ज्या गोजाबाईवर माझी भिस्त होती, तीच एका संक्रांतीला फिरली. गोजाबाईनं मंद्रूपहून आणलेली शेंगापोळी खायला सगळे दुसऱ्या खोलीत बसले होते. इंद्रायणीनं तसा दंडकच घातला होता. संस्कृती एकटी भाकरी आणि तिळाची वडी घेऊन स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी बसलेली. तिनं तिथूनच गोजाबाईला विचारलं, "आत्याआज्जी, सण माझा पण हाय का?"

गोजाबाईनं हातातली पोळी तशीच ठेवली. मंद्रूपला गेली ती वर्षभर ज्वारीच्या पोळीच्या मागं लागली. उकळत्या पाण्यात पीठ शिजवायचं, मळून मळून लोण्यासारखं करायचं, तांदळाच्या पिठीवर हलक्या हातानं लाटायचं. तुटायची, पुन्हा मळायची. पोळ्यांच्या बिघडलेल्या चकत्या खाऊन शेजारची म्हैस म्हणे लई खूश होती.

यंदाच्या संक्रांतीला ती सोलापुरात आली. ज्वारी घरच्या रानातली, निवडून धुतलेली. तीळ निवडलेले. इंद्रायणीच्या डोळ्यांदेखत घरघंटीत दळण झालं. इंद्रायणीनं हात जोडून सांगितलं, "आत्या, आज तुम्हीच करा." किती दिवसांनी त्या दोघी हसल्या. संध्याकाळी अवधूत संस्कृतीला गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवणार होता. घर कसं उजळून गेलं होतं.

तूप संपलं म्हणून इंद्रायणी कोपऱ्यावर गेली. गोजाबाई लाटायला बसली. नवा पोळपाट स्टीलचा. त्यावर पोळी सरकायची, चिकटायची, फाटायची. वर्षभराचा आटापिटा त्या पत्र्यावर फाटत होता. तिची नजर माळ्याकडं गेली.

तिनं मला खाली काढलं. कढत पाण्यानं धुतलं, साबणानं घासलं, पदरानं पुसलं. हळदीकुंकवाचं बोट लावलं. "घरचा पोळपाट तो घरचाच," ती म्हणाली, आणि ऊन ऊन ओलं पीठ माझ्या चिरेवर ठेवलं.

मित्रांनो, मी चीर उघडली. तुम्ही म्हणाल, लाकूड काय उघडणार? कढत पाण्यानं उघडली असेल. पण मला विचाराल तर मीच उघडली. जे कधी परत दिलं नव्हतं ते मी दिलं. कणभर कूट, कणभर गहू. पोळी गोल झाली, फुगली. संस्कृतीनं पहिला घास घेतला.

"लई भारी, आज्जी."

दुसरा घास. मग ती जिभेनं ओठ चाचपायला लागली.

"आज्जी, ओठाला मुंग्या आल्यात."

त्याच क्षणी दारात इंद्रायणी आली. तिच्या हातातली तुपाची बरणी पडली. पोरीचे डोळे सुजत होते, गळ्यावर गांधी उठत होत्या, आवाज बसत चालला होता. इंद्रायणीनं डबी उघडली, मांडीत इंजेक्शन टोचलं, पोरीला उचललं. अवधूत रिक्षा आणायला अनवाणी धावला. जाताना इंद्रायणी एवढंच म्हणाली, "काय घातलंत त्यात?"

"सिद्धेश्वराची आण, गहू न्हाय, शेंग न्हाय."

"मग आभाळातून पडलं का?"

घर रिकामं झालं. मी ओट्यावर पडून होतो. जिंकलो होतो. पण जिंकल्याची चव कशी होती सांगू? खवट तेलाची. तो शेवटचा बसका आवाज, "आज्जी, तू रडू नको," तो माझ्या चिरेत शिरला आणि तिथल्या कुटापेक्षा खोल गेला.

संस्कृती वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आली. पोट मात्र पुढं आठवडाभर बिघडलेलंच होतं, ते गव्हानं. इंद्रायणीनं गोजाबाईला पोरीजवळ येऊ दिलं नाही. गोजाबाईनं पिशवी भरली. मंद्रूपच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून ती अंगणात टेकली. मला तिनं आदल्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर धुऊन भिंतीला उन्हात टेकवलं होतं. उन्हानं माझी चीर तोंडासारखी उघडी पडली होती, आणि मुंग्यांनी ती शोधून काढली होती. तांबड्या मुंग्यांची रांग. एकेकीच्या तोंडात एकेक तपकिरी कण.

गोजाबाईनं आधी नुसतं बघितलं. मग केसातला आकडा काढला आणि चिरेत घातला. कूट निघाला. शेंगेचं तांबूस साल निघालं. तिला तसंच गाडीला जाता आलं असतं. मुंग्यांनी तासाभरात सगळा पुरावा नेला असता. सून आयुष्यभर तिला खोटारडी म्हणाली असती, तेवढंच. पण तिनं ते तळहातावर घेतलं आणि आत जाऊन इंद्रायणीपुढं हात पसरला.

"माझ्याच हातानं झालं, पोरी. धुतलं म्हंजी गेलं असं वाटलं मला."

इंद्रायणीनं तळहात बघितला. मग मला बघितलं. मला उचलून ती धुण्याच्या दगडाकडं निघाली.

"फोडते ह्याला. फोडून बंबात घालते."

"न्हाय," गोजाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. "जाळला तर सुटंल की. फुकट सोडायचा न्हाय ह्याला. माझ्या नातीच्या जिवावर उठला. ह्याला फाटकावर टांगू. बसू दे राखणीला, ऊनपावसात."

इंद्रायणीला हसू आलं की रडू, कळलं नाही. पण तिनं आत्याबाईंची पिशवी उचलून परत घरात नेली.

माझे तिन्ही पाय काढले. चिरेत लांबी भरली. वर पिवळा तेलरंग दोनदा दिला. अवधूतनं पेन्सिलीनं आखून दिलं आणि रंग वाळल्यावर संस्कृतीनं हातमोजे घालून लाल अक्षरं गिरवली. *इथे गहू आणि शेंगा आणू नका. मी आजारी पडते. संस्कृती, इयत्ता पहिली.* शेजारचे हिंदुराव म्हणाले, "लोक कुत्र्यापासून सावध लिहितात, तुम्ही पोळीपासून लिहिलंय." पण त्यांनी हातातली चटणीची पुडी घरी ठेवली आणि मगच आत आले.

आता मी फाटकावर असतो. सूड अजून गेला नाही माझ्यातून, फक्त माणूस बदललं. "एका घासानं काय होतंय" म्हणत डबा घेऊन येणारी प्रत्येक मावशी, काकी मला बघून थबकते, तेव्हा मला आत कुठंतरी गार वाटतं. घरातून काठवटीचा आवाज येतो. भाकरी थापताना गोजाबाई गाते,

*पयली माझी भाकर, नातीच्या गं ताटाला*
*दुसरी माझी भाकर, देव बसला वाटंला*

देवालासुद्धा थांबायला लावलं तिनं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आमची धूळ झाडा. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या वर्गात एखादी संस्कृती असेल, तर तिच्या डब्याशेजारी आपला डबा उघडण्याआधी हात धुवा. आणि घरात माझ्यासारखा कुणी जुना, तडकलेला असेल, तर त्याच्या नुसत्या धुतलेल्या पाठीवर विश्वास ठेवू नका.

संस्कृती रोज शाळेला जाताना फाटकाशी थांबते, मला "येते रे" म्हणते, आणि कडी लावते ती माझ्यापासून हात लांब धरून. अजून एकदाही तिनं मला शिवलं नाही. शहाणी आहे ती.

तुम्हीही शिवू नका.