अकरा महिन्यांचा ढग

तारीख, वेळ: मंगळवार, सकाळी दहा एकेचाळीस.
त्या मिनिटाला उपग्रह तळ्यावरून गेला आणि बुधवारी तळ्याचं चित्र दुर्बिणीच्या टेबलावर आलं. दुर्बीण हे तिचं ऑफिसातलं टोपणनाव, तोंडावरही तेच. चित्रं वाचून तळ्याच्या तब्येतीचा मासिक अहवाल भरायचा, हे तिचं काम.

ढगाळ भाग: तीन टक्के.
पांढरं, चकचकीत काही दिसलं की प्रोग्राम त्याला ढग ठरवून वगळतो. उरलेलं पाणी तपासायचं. उरलेलं पाणी नेहमीच ठणठणीत. पण हा ढग कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळापाशी अकरा महिने मुक्काम ठोकून बसला होता. आणि त्याची सावली कुठेच पडत नव्हती. मागच्या दहाही अहवालांवर सही कोणाची? तिचीच. स्वतःच्या कानाखाली वाजवावी असं तिला वाटलं.

खातरजमा: हा रकाना अर्जात नाही. तिने घुसडला.
तळ्याकाठी राहणाऱ्या मावशीला फोन.
“मावशी, काल पावणेअकराला आभाळ कसं होतं?”
“तुमचं यंत्र वरून बघतंय ना? मग मला म्हातारीला कशाला कामाला लावतेस?”
“सांग ना गं.”
“लख्ख. चादरी तासाभरात वाळल्या.”
“आणि नळापाशी?”
“फेस. कमरेएवढा. वास तर विचारूच नकोस. वर्ष होत आलं. मला वाटलं, तुम्हाला दिसतंय, पण मूग गिळून बसलाय.”
दुर्बिणीने फोन ठेवला आणि शेऱ्याचा रकाना उघडला.

शेरा: ढग नाही, फेस.
साहेबांनी तो दोनदा वाचला. “हे काढ. प्रोग्राम ढग म्हणतोय, तर आपण कोण?”
“प्रोग्रामला नाक नाही, साहेब.”
“तुझा करार शुक्रवारी संपतोय. नवा माझ्या हातात आहे.”
“म्हणून तर बुधवारीच आलेय.”
“आणि मागचे दहा? चौकशी लागली तर पहिली तूच लटकशील, बाई.”
“लटकते की. चुकले मी, दुरुस्तही मीच करणार.”
“अगं, जरा शहाण्यासारखं वाग!”
“दहा महिने वागले. बघितलंत ना काय झालं ते.”

सही: केली. ठसठशीत, रकान्याबाहेर जाणारी. अहवाल पाणी खात्याला गेला. साहेबांच्या डोळ्यांदेखत गेला.

पुढील कार्यवाही:
साहेब दाराशी लालबुंद. “ऊठ. तुझा पासवर्ड बंद करायला सांगतोय.”
“सांगा ना. पासवर्ड सांभाळणारे गृहस्थ चहाला गेलेत. परत यायला वीस मिनिटं तरी लागतील.”
“वीस मिनिटांत काय दिवे लावणार आहेस?”
“एका अहवालाला दोन मिनिटं, साहेब. तुम्हीच करा गुणाकार.”
तिने खुर्ची पुढे ओढली आणि गेल्या महिन्याचा ढग पुसायला घेतला.