पुरनलालचा तोल

पुरनलाल लग्नाच्या जेवणांचा आचारी, तिरोड्याकडे नावाजलेला. वजन एकशे अठ्ठावीस किलो. लिव्हरवर चरबी साचून ते कडक व्हायला लागल्याचं निघालं, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी वजन कमी करायचं ऑपरेशन सुचवलं. धोकेही सांगितले: व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर, आणि उलट्या थांबल्या नाहीत तर लगेच यायचं. बायको धनवंताचा जीव धजेना. महिनाभर ती नाहीच म्हणत होती, पण त्याने हट्ट सोडला नाही.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांत तो पंचवीस किलोंनी उतरला. धनवंता हौसेने त्याचे सदरे शिवून लहान करत बसायची. मग देवरीच्या एका लग्नात तो चुलीवर चढवलेल्या भाताच्या गंजाजवळ असा झोकांडला, की लोक दारू प्याला म्हणून हसले. दीर चंद्रकुमार समजवायला घरी आला. लिव्हरच्या दुखण्यात हे व्यसन बरं नव्हे, म्हणाला.

धनवंताने त्याच्यापुढे चहा ठेवला. "भाऊजी, तेवीस वर्सं ह्यायच्या बाजूले झोपून राहिली मी. दारू नाई हे."

तो गेल्यावर ती नवऱ्याजवळ बसली. हळूहळू सगळं बाहेर आलं. तीन आठवडे खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं. तो गोठ्यामागे जाऊन ओकायचा. गोळ्याही उलटून पडायच्या, म्हणून सोडलेल्या. आता एकाचे दोन दिसत होते.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"तू नाई म्हणत होतीस ना ऑपरेशनले. कोणत्या तोंडानं सांगू?"

तिला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू. सकाळच्या पहिल्या बसने तिने त्याला गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी आधी दारूचंच विचारलं. तिने ऑपरेशन, उलट्या, सोडलेल्या गोळ्या, सगळं क्रमाने सांगितलं. डॉक्टरांनी ताबडतोब व्हिटॅमिनचं इंजेक्शन सुरू केलं. अंगातलं बी-वन संपलं होतं, तोल त्यामुळेच जात होता. आणखी उशीर झाला असता तर स्मरणशक्ती गेली असती. लहान केलेल्या पोटाची वाट आवळली होती, ती पुढे नागपूरला दुर्बिणीने मोकळी केली.

नजर दोन दिवसांत सुधारली. नीट चालायला तीन महिने लागले, आणि डावं पाऊल अजून बधिरच आहे. लिव्हरवरची चरबी मात्र कमी झाली. तपासण्या चालू राहणार आहेत.

आता लग्नांना धनवंता सोबत जाते. मांडव ओलांडताना ती त्याचा दंड धरते.

"लोक पाहून राहिले," तो पुटपुटतो.

"पाहू द्या," ती म्हणते, आणि पकड सैल करत नाही.